कडब्याच्या शेडमधली एंटरप्राइज आणि 1480 चा वाद

कोरडवाहू • 21 मार्च, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय. आज अडलोय म्हणून लिहितोय.

अंबाजोगाईजवळ आमची शेती आहे. घरामागच्या कडब्याच्या शेडमध्ये दिवाळीपासून एक शिडाची होडी पालथी पडलीय. एंटरप्राइज जातीची. चार मीटरहून जराशी लांब, प्लायवूडची, दोन माणसांनी चालवायची, निळ्या शिडाची. पुण्यात शिकत होतो तेव्हा अशाच होडीवर शिकलो, नंतर पंचवीस वर्षं ते वेड दाबून ठेवलं. गेल्या वर्षी एका संस्थेनं जुन्या लाकडी होड्या भंगारात काढल्याचं कळलं आणि टेम्पो घेऊन गेलो. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "हापशाला पाणी नाही अन् तुम्ही नाव घेऊन आलात."

आता तिची हालत. मागच्या फळीचा खालचा कोपरा मऊ झालाय, आरी टोचली की लोण्यात जावी तशी जाते. मधली फळी ज्या खोक्यातून खाली सोडतात त्याच्या बुडाशी उभी फट आहे. डाव्या हवेच्या टाकीचा प्लाय पदर सुटून पापडासारखा झालाय. तळाला पूर्वी कुणीतरी फायबर मारून घेतलंय, ते आता हातानं उचकटतंय. यात माझी स्वतःची भर म्हणजे मी ती थेट मातीवर दोन ओंडक्यांवर ठेवली. ओंडक्यांतून वाळवी वर चढली.

दुसरा प्रश्न. आमच्या भागात सगळ्या मिळून चार होड्या आहेत. माझी ही, लातूरच्या मित्राची फायबरची, एकट्यानं चालवायची लेझर, एकाच्या मुलांची ऑप्टिमिस्ट, आणि आमच्या गावच्या सुतारमामांनी दोन-अडीच प्लायच्या शीटमधून बनवलेली एक चपटी होडी. तिला जात नाही, गोत नाही. पाऊस झाला की पाटबंधारेवाल्यांची परवानगी काढून गावच्या तलावावर शर्यत लावायची आहे. पण ससा, कासव, बैल आणि बदक एका ओळीत उभे करून शिट्टी कशी मारायची? संथ-वेगवान होड्यांना बरोबरीत आणायला हँडिकॅपचे आकडे असतात एवढं ऐकलंय. व्हॉट्सअॅपवर भांडणं आत्ताच सुरू झालीत.

बिनकामाचा_पाटील • 21 मार्च, रात्री 10:40

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आता तुम्ही शिडाच्या शर्यती लावा. तलाव आटला तर टँकरवर डोलकाठी उभी करा, वारा आपल्याकडं भरपूर.

माजी_फौजी_उदगीर • 22 मार्च, सकाळी 6:05

पाटील, थट्टा पुरे.

कोरडवाहू, चांगली चीज हाती लागलीय तुमच्या. जॅक होल्टनं 1956 मध्ये ही होडी आखली, लंडनच्या न्यूज क्रॉनिकल या वर्तमानपत्राच्या पाठबळावर. सामान्य माणसानं सुटे भाग मागवून घरच्या गॅरेजमध्ये बांधावी हाच त्यातला हेतू. म्हणून तिचे कोपरे मोडलेल्या कागदासारखे, सरळ पट्ट्यांचे आहेत. गोल बुडाची असती तर सपाट प्लाय तिथं वळलाच नसता. जाहिरातीसाठी ऐन जानेवारीत दोन एंटरप्राइजनी रात्रीत इंग्लिश खाडी ओलांडली होती. सांगायचा मुद्दा, ती घरी बांधायची होती म्हणजे घरी दुरुस्तही होते. घाबरू नका.

आपल्याकडं प्लायवूडच्या होड्यांचा इतिहास काही कमी नाही. 1982 च्या आशियाई खेळांत मुंबईच्या पाण्यावर फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्ण जिंकलं. ती फायरबॉलही मुळात घरी प्लायमध्ये बांधता यावी म्हणूनच आखलेली.

आता काम. महिनाभर तिला हात लावू नका. जमिनीपासून दोन फूट वर घ्या, लोखंडी स्टँडवर. पायांखाली जळक्या तेलाच्या वाट्या ठेवा म्हणजे वाळवी चढणार नाही. हवेच्या टाक्यांची झाकणं उघडी ठेवा. पेचकसाच्या मुठीनं इंचाइंचावर ठोकत जा. टणटण वाजलं तर लाकूड जिवंत, भदभद वाजलं तिथं खडूनं खूण. सगळा नकाशा तयार झाल्याशिवाय करवत उचलायची नाही.

रंधा • 22 मार्च, दुपारी 1:30

राम राम. आमचं घराणं सुतारकीचं, नांदेडला दुकान हाय. होडी आयुष्यात बनवली नाही, पण लाकूड सगळीकडं सारखंच रडतंय.

दादा, ते फायबर पयले काडा. कामून सांगतो. ज्यानं मारलं त्यानं ओल्या प्लायवर मारलं, आन् तेबी पॉलिएस्टरचं रेझिन. ते लाकडाला धड चिकटत नाही. मग फायबर आन् प्लायच्या मधी पाणी शिरतं ते भायेर येतच नाही, वरून चकचकीत आन् आतून कुजायलं. हीट गन लावा, पट्टीनं उचला, लई जोर करू नका नायतर चांगला पदर बी संगं येईल.

नवा प्लाय घेताना आयएस 710 चा, म्हंजी पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा, शिक्का बगा. 303 वाला घरातल्या कपाटाला ठीक. शिक्क्यावर बी भरवसा नगं, हाताएवढा तुकडा कापून दिवसभर उकळत्या पाण्यात ठेवा. पदर सुटला तर दुकानदाराला परत. 710 ची खरी परीक्षा 72 तास उकळायची असती, पण आपल्या गॅसचं बी बगावं लागतं.

ठिगळ चौकोनी कापून ठोकू नका. जुन्याला आन् नव्याला दोघांस्नी उतार द्या, जाडीच्या आठपट. सहा मिलीचा प्लाय असला तर अठ्ठेचाळीस मिलीचा उतार, म्हंजी पाच सेंटिमीटर धरा. मग जोड लाकडाएवढाच मजबूत राहतो. आन् पांढरा डिंक वापरला तर मी या धाग्यावर परत येणार नाही.

कोकणातला_पाहुणा • 22 मार्च, संध्याकाळी 7:15

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे होडी पावसाळाभर शाकारून ठेवतात, मग फटींत कापूस आणि चंद्रुस भरून कलफात करतात आणि चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, फटी आपोआप मिटतात. आजोबांनी आयुष्यभर हेच केलं.

माजी_फौजी_उदगीर • 22 मार्च, रात्री 8:50

तुमच्या आजोबांचं बरोबर, पण त्यांची होडी सलग फळ्यांची होती. फळी आडवी फुगते आणि शेजारच्या फळीला दाबते, म्हणून फट मिटते. प्लायमध्ये एका पदराची नस उभी, दुसऱ्याची आडवी, त्यामुळे तो रुंदीला फारसा फुगतच नाही. त्याला चार दिवस बुडवून ठेवलं तर फट तशीच राहील आणि कडेतून पाणी पिऊन पदर मात्र सुटतील. प्लायच्या होडीचं वैर पाण्याशी नाही, आत अडकून पडलेल्या पाण्याशी आहे.

कोकणातला_पाहुणा • 22 मार्च, रात्री 9:02

मान्य. आजोबांना कळवू शकत नाही, पण मान्य.

कोरडवाहू • 9 मे, रात्री 11:20

उशिरा कळवतोय, माफ करा. महिनाभर वाळवली, खडूनं नकाशा काढला. फायबर काढायला सहा दिवस लागले. खाली जे निघालं त्याचा फोटो टाकवत नाही. मागच्या फळीचा तळहाताएवढा भाग चमच्यानं खरवडून काढला, आत काळा भुगा. पण पठाणाची, म्हणजे बुडाच्या मधल्या कण्याची, लांब पट्टी ठणठणीत आहे. तीवरचा रंग खरवडताना कोरलेला नंबर सापडला आणि तासभर मी नुसता त्याच्याकडे बघत बसलो. तोच नंबर शिडावरही आहे. म्हणजे शीड याच होडीचं, कुठून तरी आणून जोडलेलं नाही.

इपॉक्सीनं, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून लावायच्या डिंकानं, मात्र मला धडा शिकवला. दुपारी तीन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर 42 अंश, मी हौसेनं पाव किलो मिश्रण एकदम प्लास्टिकच्या मगात कालवलं. सहाव्या मिनिटाला मग हाताला चटका देऊ लागला, नवव्या मिनिटाला त्यातून धूर निघाला आणि आत पिवळा दगड. मग वाकडा, काडी त्यातच उभी.

आता पहाटे साडेचारला उठतो. उन्हाळ्यासाठीचा संथ हार्डनर मागवला, मिश्रण एका वेळी पन्नास ग्रॅम, तेही पसरट ताटलीत, म्हणजे उष्णता साठत नाही. मोजमाप काट्यावर, अंदाजपंचे नाही. नुसता पातळ हात द्यायचा असेल तेव्हा मात्र पहाट नको, संध्याकाळ बरी. सकाळी लाकूड तापत जातं तशी आतली हवा फुगून बाहेर येते आणि लेपावर फोड उठतात. संध्याकाळी लाकूड निवत असताना लावलं तर ते लेप आत ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी वर जो मेणचट थर येतो तो साध्या पाण्यानं धुऊनच पुढचा हात, नाहीतर चिकटत नाही. आणि शेवटी वरून उन्हाला टिकणारं व्हार्निश किंवा रंग हवाच. इपॉक्सी पाण्याला भीत नाही, पण मराठवाड्याच्या उन्हापुढं ती पांढरी पडून भुगा होते.

रंधा • 10 मे, सकाळी 9:10

पितळी स्क्रू लावले का लोखंडी?

कोरडवाहू • 10 मे, सकाळी 9:25

काढले ते पितळी, लावले ते स्टेनलेस. मागच्या दुरुस्तीत कुणीतरी लोखंडी खिळे ठोकले होते. प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडून रुपयाएवढं मऊ झालेलं.

कोरडवाहू • 2 जून, दुपारी 12:40

पहिली पाण्याची परीक्षा शेततळ्यात झाली. तीस बाय तीसचं तळं, अजून कंबरभर पाणी होतं. खालच्या प्लास्टिकला टोचू नये म्हणून उतारावर जुन्या गाद्या अंथरल्या. सहा जणांनी उचलून ठेवली, गावची पोरं काठावर, कुणीतरी नारळ आणला होता. तरंगली. अर्ध्या तासात मधल्या खोक्याच्या बुडातून अंदाजे तांब्याभर पाणी आलं.

शीड जिथं फाटलं होतं ते गावातल्या मंडपवाल्या शिंप्यानं शिवून दिलं. ताडपत्रीच्या मशीनवर, नागमोडी टाका, पॉलिएस्टरचा दोरा. पैसे घेतले नाहीत. "पयल्यांदाच उडनारं कापड शिवलं" म्हणाला.

अडत दुकानाच्या काट्यावर होडीचं नुसतं धूड भरलं 112 किलो. वर्गाच्या नियमात ते साधारण 94 च्या आसपास असतं. या अठरा किलोंची सूट मिळेल का?

गणिताच्या_बाई • 2 जून, दुपारी 4:15

नाही मिळणार. आता हँडिकॅपवर बोलूया, कारण मार्चपासून वाट बघतेय की कुणी तरी त्या प्रश्नाकडे वळेल.

छोट्या होड्यांसाठी ब्रिटनमध्ये पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाची पद्धत आहे. क्लबांच्या शर्यतींचे निकाल गोळा करून तिथली राष्ट्रीय संघटना दरवर्षी आकडे जाहीर करते. आकडा म्हणजे वेळ. एकाच अंतराला कोणत्या जातीच्या होडीला किती वेळ लागतो याचं प्रमाण. लहान आकडा म्हणजे वेगवान होडी. लेझर 1100 च्या आसपास, एंटरप्राइज 1120 च्या आसपास, ऑप्टिमिस्ट 1640 च्या आसपास. घड्याळातला वेळ गुणिले हजार, भागिले आकडा. जो वेळ येईल तो ज्याचा सर्वांत कमी, तो जिंकला.

उदाहरण घ्या. एंटरप्राइज 50 मिनिटांत आली. 3000 सेकंद, हजारानं गुणून 1120 नं भागलं की 2679, म्हणजे 44 मिनिटं 39 सेकंद. ऑप्टिमिस्टला 72 मिनिटं लागली तर 4320 सेकंदांचे होतात 2634, म्हणजे 43:54. बावीस मिनिटं मागून येऊन पोरगं जिंकलं.

हा आकडा होडीच्या जातीचा असतो, तुमच्या विशिष्ट होडीचा नाही. आणि ती होडी नियमात बसणारी आहे, चांगली चालवली आहे असं गृहीत धरलेलं असतं. तुमचे अठरा किलो तुमचे.

तेरणाकाठ • 2 जून, रात्री 9:30

मी तो लेझरवाला. म्हणजे मी सगळ्यांच्या आधी पोचायचं, काठावर चहा पीत बसायचं, आणि पंचवीस मिनिटांनी एक दहा वर्षांचं पोरगं येऊन मला हरवणार? शंकरपटात असं असतं का? जी जोडी कमी सेकंदांत पळाली ती पहिली, विषय संपला.

गणिताच्या_बाई • 2 जून, रात्री 9:48

शंकरपटात सगळीकडे बैलच असतात. तिथं कुणी बैलाशेजारी वासरू जुंपत नाही.

माजी_फौजी_उदगीर • 3 जून, सकाळी 6:20

तेरणाकाठ, चहाचाच त्रास असेल तर पाठलागाची शर्यत लावा. सर्वांत संथ होडी आधी सोडायची, मग आकड्यांप्रमाणे एकेक. साठ मिनिटांची शर्यत असेल तर ऑप्टिमिस्ट शून्याला सुटेल, एंटरप्राइज एकोणिसाव्या मिनिटाला, तुम्ही त्यानंतर जेमतेम पाऊण मिनिटानं. साठ मिनिटं झाली की शिट्टी, त्या क्षणी जो पुढे तो पहिला. बघणाऱ्यांनाही कळतं, कागद-पेन्सिल लागत नाही.

पण एक लक्षात ठेवा, आकडा वाऱ्याला बांधलेला नसतो. शर्यतीच्या शेवटी वारा पडला तर संथ होडी मधेच लटकते आणि तिचं घड्याळ चालूच राहतं. उलट शेवटी वारा वाढला तर तिची चांदी. आपल्याकडं तर मूळ गोचीच वेगळी. जून-जुलैत वारा असतो तेव्हा तलावात पाणी नसतं, दसऱ्याला पाणी असतं तेव्हा वारा नसतो.

गोदाकाठ • 3 जून, सकाळी 10:00

मग पैठणला या की. नाथसागर 1522 फुटांवर भरला की दुसरा काठ दिसत नाही.

माजी_फौजी_उदगीर • 3 जून, सकाळी 10:20

तो पक्षी अभयारण्य आहे 1986 पासून. आपल्या हौसेसाठी तिथं शिडं फडकवायची नाहीत. शिवाय उथळ. पाणी उतरलं की गाळपेऱ्याची शेतं आणि वेड्या बाभळीचे खुंट, मधली फळी पहिल्याच फेरीत मोडेल.

गोदाकाठ • 3 जून, सकाळी 10:35

खरंय. आमच्याकडं रोजच्या जाण्यायेण्याला थर्माकोलचे चप्पू, म्हणजे तराफे, आहेत, त्याला कुणी आकडा दिला तर सांगा.

तेरणाकाठ • 3 जून, सकाळी 11:10

बाई, ते सुतारमामांच्या होडीचं काय? तिचा आकडा कुठल्याच तक्त्यात नाही. आणि मामा म्हणतात "मला द्या दोन हजार".

गणिताच्या_बाई • 3 जून, दुपारी 2:40

तिचा आकडा आपणच काढायचा. एंटरप्राइजसोबत तीन-चार सराव फेऱ्या करा, दोघांचे वेळ लिहा. मामांचा वेळ भागिले एंटरप्राइजचा वेळ, गुणिले 1120. आणि चांगला हात असलेल्या माणसाला मामांच्या होडीवर बसवा, नाहीतर होडीचा आकडा निघायच्या ऐवजी मामांचा निघेल.

कोरडवाहू • 14 सप्टेंबर, रात्री 8:30

तलाव साठ टक्के भरला. तीन फेऱ्या झाल्या. पहिलीत मी 30 मिनिटं, मामांची होडी 40. दुसरीत 36 आणि 47. तिसरीत 30 आणि 51, पण ती पाणवनस्पतीत अडकली होती.

गणिताच्या_बाई • 14 सप्टेंबर, रात्री 9:00

1493, 1462 आणि 1904. तिसरा टाकून द्या. 1480 धरूया, तात्पुरता.

तेरणाकाठ • 14 सप्टेंबर, रात्री 9:05

तात्पुरता म्हणजे किती दिवस? 1480 फार उदार आहे. मामा रंधा मारायला बसलेत तळाला, रोज गुळगुळीत करायलेत. शर्यतीपर्यंत ती 1400 ची होईल आणि सवलत 1480 ची खातील.

रंधा • 14 सप्टेंबर, रात्री 9:30

मग तुमी बी घासा की तुमची. फायबर घासायला बंदी हाय का?

कोरडवाहू • 14 सप्टेंबर, रात्री 10:10

माझ्या अठरा किलोंचा पुन्हा विचार व्हावा. ब्रिटनमध्ये जुन्या लाकडी होड्यांची संघटना आहे, ते होडीच्या वयाप्रमाणे सूट देतात असं वाचलं.

माजी_फौजी_उदगीर • 15 सप्टेंबर, सकाळी 6:00

देतात. त्यांच्या आपसांतल्या शर्यतींना. क्लबानं आपल्यापुरता आकडा बदलायलाही कुणाची हरकत नसते. पण मी तुमचे फोटो बघितलेत. पुढच्या शिडाचा दोर ढिला, सुकाणू ओरडतंय इतकं तिरकं धरलेलं. आधी ते सुधारा, मग वयाची सूट मागा. आणि लाइफ जॅकेट फोटोत कुणाच्याच अंगात नव्हतं. "पोहता येतं" हे कारण मला सांगू नका, मी तळ्यांतून माणसं बाहेर काढलीत. जॅकेट नाही तर शर्यत नाही.

कोरडवाहू • दसऱ्यानंतरचा रविवार, संध्याकाळी 7:45

झाली शर्यत. जॅकेटं सगळ्यांच्या अंगात होती. वारा बेताचा, अकरानंतर जरा उठला. चार फेऱ्यांची. ऑप्टिमिस्टला तीनच फेऱ्यांनंतर थांबवलं, पोरगं थकलं होतं.

लेझर 44:00. माझी 46:10. मामा 60:12. ऑप्टिमिस्ट तीन फेऱ्यांना 52:00. बाई, तुम्हीच करा आता.

गणिताच्या_बाई • रविवार, रात्री 8:20

ऑप्टिमिस्टच्या वेळेला आधी चार भागिले तीन करायचं, म्हणजे चार फेऱ्यांचा वेळ मिळतो. दुरुस्त वेळ असे: लेझर 40:00, मामा 40:41, एंटरप्राइज 41:13, ऑप्टिमिस्ट 42:17.

तेरणाकाठ • रविवार, रात्री 8:22

पद्धत चांगली आहे ही.

बिनकामाचा_पाटील • रविवार, रात्री 8:25

मार्चपासूनचे तुमचे प्रतिसाद डिलीट करू नका आता.

गणिताच्या_बाई • रविवार, रात्री 8:40

आणि 1480 चं सांगते. आजच्या वेळांवरून लेझरशी ताडलं तर मामांचा आकडा 1505 येतो, एंटरप्राइजशी ताडलं तर 1460. दोन्हींच्या मधोमध 1482. त्यामुळे 1480 च राहील, रंधा मारा नाहीतर मारू नका.

रंधा • रविवार, रात्री 9:00

मामांना आमचा नमस्कार सांगा. दादा, ते मधल्या खोक्याची गळती थांबली का?

कोरडवाहू • रविवार, रात्री 9:15

नाही. आज चार फेऱ्यांत अर्धी बादली आली, पुढं बसलेला पुतण्या डालड्याच्या डब्यानं उपसत होता. दिवाळीनंतर खोकं उघडतो. उतार आठपटच ना?

रंधा • रविवार, रात्री 9:18

आठपट. आन् या वेळी दुपारी नगं.